अमेरिकेच्या रेल्वेची उलटतपासणी

आपल्याकडे रेल्वेच्या खासगीकरणाचा विषय निघाला की अमेरिकेला साक्षीला बोलावले जाते, आणि गंमत अशी की दोन्ही बाजूंचे वकील तिलाच बोलावतात. एक बाजू सांगते की अमेरिकेची रेल्वे खासगी कंपन्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली, सरकारने नियमांचा फास आवळला तेव्हा ती मरणपंथाला लागली आणि १९८० मध्ये फास सैल होताच पुन्हा धावू लागली. दुसरी बाजू त्याच देशाकडे बोट दाखवून म्हणते की रेल्वे धनदांडग्यांच्या हाती दिली, त्यांनी जमिनी लाटल्या, मजुरांना राबवून मारले आणि नफा आटल्यावर प्रवाशांना फलाटावर सोडून दिले. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक कंपनीने नॉरफोक सदर्न ही कंपनी सुमारे ८५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर केला, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत एकाच कंपनीचे रूळ असण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली, आणि हीच दोन भाषणे नव्याने ऐकू येऊ लागली. दोन्हींत तथ्य आहे. पण साक्षीदाराला अर्धे वाक्य बोलू द्यायचे आणि सोयीच्या जागी खाली बसवायचे, ही दोन्ही वकिलांची पद्धत आहे.

माझे म्हणणे असे की अमेरिकेची रेल्वे निव्वळ खासगी कधीच नव्हती, आणि पहिल्या महायुद्धातली दोन-सव्वादोन वर्षे सोडली तर संपूर्ण जाळे सरकारने स्वतः कधी चालवलेही नाही. तिच्या इतिहासातला प्रत्येक मोठा टप्पा म्हणजे सार्वजनिक सत्ता आणि खासगी भांडवल यांच्यातला एक करार आहे, आणि त्या टप्प्याचे बरेवाईट परिणाम मालक कोण यावर जितके ठरले त्याहून अधिक करारातल्या अटींवर ठरले. पैसा नेमका कशासाठी दिला? जोखीम कोणाच्या माथी गेली? अट मोडली तर जाब विचारणारे कोणी होते का? हे तीन प्रश्न घेऊन त्या इतिहासाकडे पाहिले की दोन्ही बाजूंच्या आवडत्या गोष्टींचे अर्थ बदलतात.

सुरुवात १८६२ पासून करावी लागेल. यादवी युद्ध पेटलेले असताना १ जुलै रोजी लिंकनने पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक अशा दोन कंपन्यांनी रूळ टाकत यायचे आणि सरकारने त्यांना मैलामागे कर्जरोखे व जमीन द्यायची, असा तो बेत होता. सपाट भूमीवर मैलाला १६,००० डॉलर, मधल्या उंच पठारावर ३२,००० आणि पर्वतात ४८,००० डॉलर असा कर्जाचा दर ठरला. शिवाय मैलामागे दहा चौरस मैल जमीन, जी १८६४ मध्ये दुप्पट करण्यात आली. आता मैलावर पैसे मिळणार असतील तर कंपनी काय निर्माण करील? मैल. आणि पर्वताला तिप्पट दर असेल तर पर्वत कोठे सुरू होईल? जितका अलीकडे सरकवता येईल तितका अलीकडे. सॅक्रामेंटो शहराबाहेर अवघ्या सातेक मैलांवर, जिथे डोळ्यांना चढ जाणवतही नाही अशा आर्केड नावाच्या ओढ्यापाशी, सिएरा नेवाडाचा पायथा सुरू होतो असा अभिप्राय राज्याच्या भूगर्भशास्त्रज्ञाने मातीच्या आधारावर दिला आणि लिंकनने तो मान्य केला. डोंगर कित्येक मैल पश्चिमेला सरकला आणि त्यासाठी सुरुंगाची दारूही लागली नाही.

याहून बोलका प्रसंग युटामधला आहे. दोन्ही कंपन्यांनी कोठे भेटायचे हे कायद्यात लिहिलेलेच नव्हते. परिणाम असा झाला की दोन्ही बाजूंचे मातीकाम करणारे तांडे एकमेकांना ओलांडून पुढे गेले आणि सुमारे दोनशे मैल एकमेकांना समांतर भराव घालत राहिले, कारण ज्याचा मैल त्याचे पैसे. शेवटी एप्रिल १८६९ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मध्ये पडून प्रोमोंटरी हे ठिकाण ठरवून द्यावे लागले, आणि १० मे रोजी तिथे सोन्याचा खिळा ठोकण्याचा तो प्रसिद्ध समारंभ झाला. खासगी उद्योगाच्या धडाडीचा पुरावा म्हणून जे छायाचित्र दाखवले जाते, त्याच्या चौकटीबाहेर हे निकामी भराव पसरलेले आहेत. पण मग याला सरकारी गैरकारभार म्हणायचे का? कायदा सरकारचा, माती कंपन्यांनी टाकलेली आणि चूक त्या दोघांच्या मधल्या कागदावरच्या एका न लिहिलेल्या ओळीत. युनियन पॅसिफिकच्या आतल्या मंडळींनी क्रेडिट मोबिलिए नावाची बांधकाम कंपनी काढून स्वतःलाच चढ्या भावाने कंत्राटे दिली, तिचे समभाग काँग्रेसच्या सदस्यांना स्वस्तात वाटले आणि १८७२ मध्ये ते प्रकरण फुटले, तेही याच जातीचे. कंत्राट देणारा आणि घेणारा एकच माणूस असू नये, ही अट कोणी घातली नव्हती.

येथे ‘जमिनीची लूट’ म्हणणाऱ्यांना त्यांचे श्रेय द्यायला हवे. संघराज्याने रेल्वे कंपन्यांना दिलेली जमीन सुमारे १३ कोटी एकर भरते, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या पावणेदोन पटीच्या आसपास. आणि ती ‘सरकारची’ होण्याआधी तिथे मूळ रहिवाशांच्या जमाती राहत आणि शिकार करत होत्या, हे त्या व्यवहारात कोणी मोजलेच नाही. हा आक्षेप खोडून काढता येत नाही आणि मी तो खोडणारही नाही. मात्र ‘फुकट’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. ज्या मार्गांना जमीन मिळाली त्यांनी सरकारी माल आणि सैनिक सवलतीच्या दराने, बहुतांशी निम्म्या दराने, न्यावेत अशी अट होती, आणि ती १९४६ पर्यंत, म्हणजे दोन महायुद्धे उलटेपर्यंत, लागू राहिली. कर्जरोख्यांची रक्कम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या तडजोडींतून व्याजासह बहुतांश वसूल झाली. शिवाय जमीन सलग न देता बुद्धिबळाच्या पटासारखी एक चौकट कंपनीला आणि शेजारची सरकारला अशी दिली गेली, म्हणजे रूळ आल्यावर वाढलेल्या किमतीचा वाटा सरकारलाही मिळावा. ही अट हुशारीची होती. पण पटाच्या काळ्या घरातून तिरके दुसऱ्या काळ्या घरात जाताना पांढऱ्या घरांच्या कोपऱ्यावरून पाऊल टाकावे लागते, याचा विचार १८६२ मध्ये कोणी केला नव्हता. वायोमिंगमध्ये चार शिकारी सरकारी चौकटीतून दुसऱ्या सरकारी चौकटीत असेच कोपऱ्यावरून गेले, शेजारच्या जमीनमालकाने अतिक्रमणाचा दावा लावला, आणि मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाला निकाल द्यावा लागला की जमिनीला स्पर्श न करता कोपरा ओलांडणे हे अतिक्रमण ठरत नाही. एका रेल्वे कायद्याची सावली १६३ वर्षांनंतर एका माणसाच्या पावलावर पडते, ती अशी.

खासगी पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे जेम्स जे. हिल. त्याची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८९३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर पोहोचली, तिला संघराज्याकडून थेट जमीन मिळाली नव्हती, आणि त्याच वर्षीच्या आर्थिक संकटात युनियन पॅसिफिक, नॉर्दर्न पॅसिफिक आणि सँटा फे या सरकारी औदार्यावर वाढलेल्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या तेव्हा ती टिकून राहिली. हा मुद्दा वजनदार आहे. हिलचा आरंभ ज्या बुडीत कंपनीच्या खरेदीने झाला तिच्या पदरात मिनेसोटातली अनुदानाची जमीन होतीच, आणि मोंटानातल्या राखीव प्रदेशातून रूळ नेण्याची वाट १८८७ मध्ये काँग्रेसनेच कायदा करून मोकळी केली, हे दोन्ही वकिली उत्तर म्हणून पुरेसे आहे. पण मला ते अपुरे वाटते, कारण हिलचे यश त्याने खोटे ठरत नाही. त्याला मैलामागे बक्षीस नव्हते म्हणून त्याने मैल वाढवले नाहीत. त्याने कमी चढाची खिंड शोधली, वळणे सरळ केली, आणि रुळांच्या दुतर्फा शेतकरी वसेपर्यंत पुढच्या टप्प्याची घाई केली नाही. सरकारने हात आखडता घेतल्यामुळे रेल्वे चांगली झाली, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे. मला दिसते ते एवढेच की ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट माणूस बनवतो, आणि हिलला पैसे फक्त वाहिलेल्या मालाचे मिळणार होते.

हा धडा आपल्याला परका असण्याचे कारण नाही, कारण त्याच दशकांत मुंबईत त्याचा दुसरा प्रयोग चालू होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी १८४९ मध्ये झालेल्या करारात जमीन मोफत आणि गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. रेल्वे चालो न चालो, तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. कंपनी खासगी, भागधारक इंग्लंडमधले आणि जोखीम इथल्या रयतेची. हमी असल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात जातो की हुगळीच्या पात्रात याची भांडवलदाराला फिकीर उरली नाही, अशा अर्थाची साक्ष हिंदुस्थान सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनीच पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिली. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरला सांधा जुळून मुंबई-कोलकाता मार्ग पूर्ण झाला, म्हणजे प्रोमोंटरीनंतर अवघ्या दहा महिन्यांनी. अमेरिकेने मैलावर पैसे दिले आणि मैल मिळाले. इथे खर्चावर हमी दिली आणि खर्च मिळाला.

मजुरांच्या बाबतीत मात्र करारांत काहीच लिहिलेले नव्हते, आणि या मौनाची किंमत सर्वांत मोठी होती. सेंट्रल पॅसिफिकच्या बांधकामावर ऐन भरात दहा हजारांहून अधिक चिनी मजूर होते. सिएराच्या कड्यांतले बोगदे त्यांनी नायट्रोग्लिसरीन हाताळत आणि बर्फाखाली राहत खणले. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्या मजुरांएवढा पगार आणि कमी तास मागून शिस्तीत संप केला, तेव्हा बांधकामाची सूत्रे सांभाळणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांच्या छावण्यांचा शिधा तोडला आणि आठवड्याभरात संप मोडला. किती मेले याची धड नोंदही कंपनीने ठेवली नाही. पंधरा वर्षांनी, १८८२ मध्ये, काँग्रेसने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. आणि १९६९ मध्ये प्रोमोंटरीच्या शताब्दी समारंभात खुद्द परिवहन मंत्र्याने असे कौतुक केले की असे बोगदे अमेरिकन माणसांवाचून दुसरे कोण खणू शकले असते. ज्यांना नागरिकत्वच नाकारले गेले होते त्यांचे वंशज तेव्हा समोर बसले होते. यात कंपनीने शिधा तोडला, सरकारने दार लावले आणि समाजाने विसरून दाखवले. ‘सरकारी’ पक्षाने येथे फार पुण्यवान होऊ नये. मार्टिन्सबर्गला १८७७ मध्ये पगारकपातीवरून पेटलेला संप असो की १८९४ चा, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीतून पेटलेला संप, फौज कंपन्यांच्याच बाजूने उतरली. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये पगारी आजारपणाच्या रजेवरून रेल्वे कामगार संपाच्या तयारीत असताना काँग्रेसने कायदा करून करार त्यांच्यावर लादला, पण रजा त्यात घातली नाही.

खासगी पक्षाला एक मुद्दा मी विनाअट देतो. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून देशाचे कालविभाग पाडले, गावोगावच्या सूर्यावर चालणारी घड्याळे मागेपुढे केली आणि ज्या दिवशी कित्येक शहरांत दोनदा बारा वाजले तो दिवस इतिहासात नोंदवला. त्यासाठी कायदा नव्हता. संघराज्याचा कायदा आला तो १९१८ मध्ये. ज्यांच्या गाड्या एकमेकांवर आदळण्याची भीती होती त्यांनीच तोडगा काढला, कारण नुकसानही त्यांचे आणि फायदाही त्यांचाच होता. आपल्याकडे प्रमाणवेळ १९०६ मध्ये वरून आली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध दगड उचलले आणि मुंबई महापालिका स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली ३९ मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ कुरवाळत बसली, हे आठवले की स्वेच्छेने झालेल्या समन्वयाचे मोल कळते.

परंतु याच कंपन्यांना डबे एकमेकांना जोडणारी कपलिंग बदलायला मात्र वीस वर्षे लागली, आणि माझ्या मते सगळा वाद या एका उदाहरणावर घासून पाहण्यासारखा आहे. त्या काळी दोन डबे जोडताना ब्रेकमनला, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्या कामगाराला, दोहोंच्या मध्ये उभे राहून लोखंडी कडीत हाताने खिळा घालावा लागे. हातची दोन बोटे गेलेला माणूस अनुभवी ब्रेकमन म्हणून ओळखला जाई, असा तो धंदा होता. आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचे एली जॅनीचे पेटंट १८७३ चे, वेस्टिंगहाउसचा हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक त्याच्याही आधीचा. दोन्ही शोध खासगी डोक्यांतून निघाले आणि दोन्ही उपलब्ध होते. मग १८८३ मध्ये ज्या कंपन्या एका दिवसात देशाची घड्याळे बदलू शकल्या, त्यांना कपलिंग का बदलता आले नाही? कारण घड्याळ चुकले तर इंजिन मोडे, आणि कपलिंग चुकले तर फक्त माणूस मोडे, ज्याची भरपाई देण्याची सक्ती नव्हती. आयोवातल्या लॉरेन्झो कॉफिन या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, १८९३ मध्ये सुरक्षा उपकरण कायदा झाला, आणि मुदतवाढी घेत घेत १९०० पर्यंत बदल पूर्ण करावा लागला. तो काळच तसा होता असे कोणी म्हणेल, म्हणून दुसरा दाखला देतो. दोन गाड्या समोरासमोर येण्याआधी आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची शिफारस अमेरिकेचे वाहतूक सुरक्षा मंडळ १९७० च्या सुमारापासून करत होते. कायदा झाला तो २००८ मध्ये, कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे मालगाडी आणि लोकल यांच्या टकरीत २५ माणसे मेल्यावर. २०१५ ची मुदत पाळली गेली नाही आणि काम संपायला २०२० चा डिसेंबर उजाडला.

तर मग नियम हेच उत्तर, असे म्हणून इथे थांबता येत नाही, कारण अमेरिकन रेल्वेच्या इतिहासात नियमांनी केलेले नुकसानही तितकेच ठळक आहे. शेतकऱ्यांच्या संतापातून १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. लांबच्या मालाला कमी आणि जवळच्या मालाला जास्त भाडे, बड्या तेल कंपनीला गुपचूप सूट आणि लहान व्यापाऱ्याला पूर्ण दर, असले प्रकार रोखण्यासाठी तो हवाच होता. पण कमाल दर ठरवण्याचा खरा अधिकार त्याला १९०६ मध्ये मिळाला, आणि पुढे तो अधिकार इतका घट्ट झाला की त्याने उलटेच टोक गाठले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सदर्न रेल्वेने ॲल्युमिनियमचे मोठे धान्यडबे बनवून भाडे साधारण साठ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले, तर आयोगाने स्पर्धकांचे नुकसान होईल म्हणून ते अडवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटायला चार वर्षे गेली. भाडे कमी करू न देणारा नियामक कोणासाठी काम करत होता? याहून काळे उदाहरण लुईझियानाचे आहे. १८९० मध्ये तिथल्या विधिमंडळाने काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. जादा डब्यांचा खर्च नको म्हणून रेल्वे कंपन्या या कायद्यावर नाराज होत्या. कायद्याला आव्हान देण्यासाठी त्या कायद्याने काळा ठरणारा होमर प्लेसी १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसला तेव्हा त्या कसोटीच्या खटल्याला खुद्द कंपनीची मूक संमती होती. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व रेल्वेच्या डब्यातून शाळेत, दवाखान्यात, पाणी पिण्याच्या नळावर उतरले. ते हटवायला १९५४ पर्यंत वाट पाहावी लागली. भेदभाव त्या दिवशी नफेखोराने केला नव्हता, सरकारने केला होता.

पण त्याच रुळांवर पुढची गोष्टही घडली, आणि तीही अटींचीच आहे. पुलमन कंपनीच्या शयनयानांत राबणाऱ्या काळ्या सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली संघटना केली. दहा-बारा वर्षे कंपनीने तिला दाद दिली नाही. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन हे सेवक त्याच्या कक्षेत आले आणि कंपनीने पोसलेल्या नकली संघटनांना आळा बसला, तेव्हा कोठे १९३७ मध्ये करार झाला. माँटगोमेरीत १९५५ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराची जुळवाजुळव करणारा ई. डी. निक्सन हा याच संघटनेचा माणूस होता, आणि नागरी हक्कांसाठीचा १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा रँडॉल्फच्याच पुढाकाराने निघाला. एका कायद्यातल्या एका दुरुस्तीने केवढे दार उघडले हे पाहून, मालकी कोणाची या प्रश्नावर घसा कोरडा करणाऱ्यांना विचारावेसे वाटते की यात मालक बदलला होता का?

आता १९८० कडे येऊ, कारण खासगी पक्षाचा हुकमी पत्ता तोच आहे. त्याआधीची पडझड खरी होती. १९१६ मध्ये सुमारे २,५४,००० मैलांचे असलेले जाळे आकसत होते. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या द्रुतगती रस्त्यांचा ९० टक्के खर्च संघराज्याने उचलला आणि रेल्वे मात्र स्वतःच्या रुळांवर, स्थानकांवर कर भरत राहिली. तोट्यातल्या गाड्या बंद करायला परवानगी मिळेना. जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी कोसळली, तोवरची अमेरिकेतली सर्वांत मोठी दिवाळखोरी. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दर ठरवण्याचे आणि ग्राहकांशी थेट करार करण्याचे स्वातंत्र्य दिल्यावर मालवाहतूक सावरली, महागाई वजा जाता भाडी पुष्कळ उतरली, आणि आज मालगाड्यांच्या बाबतीत अमेरिका जगातल्या अग्रगण्य देशांत गणली जाते. ‘अमेरिकेत रेल्वे मेली’ असे प्रवासी गाड्यांकडे पाहून बोलणाऱ्यांनी तिथली दोन-दोन मैल लांबीची मालगाडी पाहिलेली नसते. हे सगळे मान्य. पण १९८० च्या आधीची दहा वर्षे या कथेतून का गाळली जातात? १ मे १९७१ रोजी ॲमट्रॅक ही सरकारी पैशावरची प्रवासी रेल्वे कंपनी सुरू झाली, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा तोटा सरकारने आपल्या अंगावर घेतला. १ एप्रिल १९७६ रोजी ईशान्येकडच्या दिवाळखोर कंपन्या एकत्र करून सरकारने कॉनरेल उभी केली, अब्जावधी डॉलर ओतून तिचे रूळ दुरुस्त केले, नको असलेले मार्ग तोडले आणि १९८७ मध्ये तिचे समभाग बाजारात विकले. ओझे आधी सार्वजनिक खांद्यावर गेले, मग उरलेला गडी मोकळा धावला. मोकळीक हे औषध होते, पण शस्त्रक्रियेचे बिल दुसऱ्याने भरले होते. आणि ॲमट्रॅकच्या करारातली अट पाहा: इतर कंपन्यांच्या रुळांवर प्रवासी गाडीला मालगाडीआधी वाट मिळावी, असे १९७३ पासून कायद्यात आहे, मात्र ती अट मोडल्याबद्दल खटला भरण्याचा अधिकार सरकारी वकिलांकडे आणि त्यांनी तो इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा वापरला.

स्टॅगर्सनंतर दुसरेही एक घडले. १९८० मध्ये पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे उत्पन्नाने सर्वांत मोठ्या, सुमारे चाळीस कंपन्या होत्या. विलीनीकरणे होत होत आज सहा उरल्या आहेत. अनेक कारखान्यांच्या दारात एकाच कंपनीचा रूळ जातो. मध्यंतरी सहा वर्षांत या कंपन्यांनी मनुष्यबळ जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी केले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला नॉरफोक सदर्नची गाडी घसरून विषारी रसायन जाळून टाकण्यात आले तेव्हा तपासणीला किती माणसे आणि किती मिनिटे उरली आहेत हा प्रश्न देशभर विचारला गेला. आता हीच नॉरफोक सदर्न, जिच्या पोटात १९९९ पासून कॉनरेलचा मोठा वाटा आहे, युनियन पॅसिफिककडे जाऊ पाहते. समर्थक लिंकनची आठवण काढतात आणि विरोधक क्रेडिट मोबिलिएची. निर्णय देणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या रेल्वे नियामकाच्या हातात मात्र २००१ चा एक नियम आहे: मोठ्या विलीनीकरणाने स्पर्धा टिकवली एवढे पुरेसे नाही, ती वाढवली पाहिजे. ही कसोटी दोन बड्या कंपन्यांच्या बाबतीत आजवर लागलेली नाही. ‘वाढवली’ याचा अर्थ काय लावला जातो, आणि विलीनीकरणानंतर दिलेली आश्वासने पाच वर्षांनी तपासण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, यावर या व्यवहाराचे बरेवाईटपण ठरेल. लिंकनच्या पुतळ्याला कोण हार घालते यावर ठरणार नाही.

आणि आपल्याकडे? जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गजोड्यांवर १५१ खासगी गाड्यांसाठी प्रस्ताव मागवले. हे मार्ग बारा गटांत वाटले होते आणि त्यांत मुंबईचे गटही होते. वर्षभराने बोली उघडल्या तेव्हा बारांपैकी जेमतेम तीन गटांसाठी प्रतिसाद आला, त्यातही एक बोलीदार रेल्वेचीच कंपनी होती, आणि सगळा बेत गुंडाळावा लागला. एका बाजूने हा खासगीकरणाचा पराभव म्हणून साजरा केला, दुसरीने सरकारी नोकरशाहीला दोष दिला. करार ३५ वर्षांचा होता. रूळ, सिग्नल, चालक आणि गार्ड रेल्वेचे, शेजारून धावणारी स्पर्धक गाडीही रेल्वेची, आणि उशिराबद्दल तंटा झालाच तर दाद मागायला स्वतंत्र नियामक नव्हता. असा नियामक म्हणून नेमायच्या रेल्वे विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी २०१७ मध्येच मिळाली होती, ते कामाला लागलेले कोणाला दिसले नाही. त्या दिवसांत मराठीत या विषयावर जे शेकडो लेख आणि चर्चा झाल्या, त्यांतल्या किती जणांनी गाडी खोळंबल्यास भरपाई कोणी द्यायची हे कलम उघडून पाहिले होते?